पाकिटं उघडणारा माणूस

सात माणसं एका खेळात उतरली आहेत. या खेळात शब्द द्यायचा आणि मोडायचाही, दोन्हींना परवानगी आहे. फक्त एक आठवा माणूस असा आहे, की ज्याला थापा मारता येत नाहीत, कुणाची बाजू घेता येत नाही आणि खेळताही येत नाही. त्याचं काम एवढंच की सातांची पाकिटं ठरल्या वेळी उघडायची, आतले हुकूम एकमेकांसमोर मांडायचे आणि काय झालं ते सांगायचं. त्या आठव्या माणसाबद्दल आज मला बोलायचं आहे. कारण काही महिने तो माणूस मी होतो, आणि एका फेरीत मी चुकलो.

२०२० सालच्या टाळेबंदीतली गोष्ट. माझा भाचा पुण्यात आपल्या खोलीत अडकून पडला होता. त्याचे कॉलेजातले सहा मित्रमैत्रिणी असेच कुठं कुठं अडकलेले, कुणी बंगळुरात, कुणी टोरांटोत. त्यांनी ईमेलवरून ‘डिप्लोमसी’ नावाचा पटावरचा खेळ खेळायचं ठरवलं. आता या खेळाचा निवाडा करणाऱ्या वेबसाइटी आहेत, संगणक क्षणात निकाल देतो. पण या मुलांना जुन्या पद्धतीनं, माणूस पंच ठेवून खेळायचं होतं. भाच्याचा फोन आला, “मामू, तुम्ही व्हा की पंच. तुम्हाला कुणाशी देणंघेणं नाही. शिवाय प्रत्येक फेरीनंतर मराठीत एक बातमीपत्र लिहा, मजा येईल.” मिरजेतल्या घरात बसून मीही कंटाळलो होतो. बी.ए.ला इतिहास होता, काव्यस्पर्धांचं परीक्षण करून करून निकाल देण्याची सवय होती. म्हटलं, करू.

आधी खेळ थोडक्यात सांगतो. पट म्हणजे पहिल्या महायुद्धाआधीच्या युरोपचा नकाशा. देश सात: इंग्लंड, फ्रान्स, जर्मनी, इटली, ऑस्ट्रिया-हंगेरी, रशिया आणि तुर्कस्तान. नकाशाचे जमीन आणि समुद्र मिळून ७५ भाग. त्यांतली ३४ ठिकाणं रसदीची. ज्याच्या ताब्यात १८ येतील तो जिंकला. खेळ सुरू होतो १९०१च्या वसंतात. रशियाकडे चार सैन्यं-आरमारं, बाकीच्यांकडे तीन-तीन. फासे नाहीत, पत्ते नाहीत, नशिबाला कुठंच जागा नाही. सगळ्या सैन्यांची ताकद सारखी, त्यामुळं एकट्यानं कुणी कुणाला हलवू शकत नाही. पुढं सरकायचं तर दुसऱ्याचा पाठिंबा लागतो. हा शब्द आपल्याला चांगलाच ओळखीचा आहे. आणि पाठिंबा मागायचा म्हणजे बोलणी आली, वचनं आली, गुप्त करार आले. बोलणी संपली की प्रत्येकानं आपले हुकूम गुपचूप कागदावर लिहायचे. मग सगळे कागद एकाच वेळी उघडायचे. कुणी शब्द पाळला आणि कुणी पाठीत सुरी खुपसली, ते तिथं कळतं.

हा खेळ तयार केला अॅलन कॅल्हॅमर या अमेरिकन माणसानं. जन्म १९३१चा, इलिनॉय राज्यातला. लहानपणी त्याला घराच्या माळ्यावर एक जुना नकाशासंग्रह सापडला. त्यात ऑस्ट्रिया-हंगेरी, उस्मानी साम्राज्य असे आता नकाशावर नसलेले देश होते. पुढं हार्वर्डला तो सिडनी ब्रॅडशॉ फे या इतिहासकाराकडं शिकला. पहिल्या महायुद्धाचा दोष एकट्या जर्मनीवर टाकता येत नाही, सगळ्यांनी मिळून विणलेल्या गुप्त करारांच्या जाळ्यात सगळेच सापडले, अशी मांडणी फे यांनी १९२८च्या आपल्या ग्रंथात केली होती. कॅल्हॅमरनं १९५४ साली तेच जाळं पटावर आणलं. मोठ्या कंपन्यांनी खेळ नाकारला, तेव्हा १९५९ साली त्यानं स्वतःच्या पैशांनी ५०० संच काढले. पुढं खेळ जगभर गेला. कॅल्हॅमरनं मात्र निवृत्तीपर्यंत बरीच वर्षं आपल्याच भागात पोस्टमन म्हणून घरोघरी टपाल वाटलं. २०१३ साली तो वारला.

पोस्टमनची नोकरी हा योगायोग. पण टपालाशी या खेळाचं नातं खरंच घट्ट आहे. हा खेळ रंगायला सात जण आणि अख्खा दिवस लागतो. एका गावात सात शौकीन मिळणं कठीण. १९६३ साली ब्रुकलिनच्या जॉन बोर्डमन या भौतिकशास्त्रज्ञानं ‘ग्राउस्टार्क’ नावाचं छोटं पत्रक सुरू केलं आणि टपालानं डिप्लोमसी खेळायची पद्धत पाडली. खेळाडू एकमेकांना पत्रं लिहून बोलणी करायचे आणि मुदतीच्या आत आपले हुकूम बोर्डमनकडं पाठवायचे. तो सगळे हुकूम पडताळून निकाल पत्रकात छापायचा. मग पुढच्या फेरीची मुदत. एकेक डाव वर्षभर, कधी त्याहूनही जास्त चालायचा. अशी पत्रकं पुढं अमेरिकेत आणि इंग्लंडात कितीतरी निघाली. त्यांत खेळाडू आपापल्या राजधान्यांतून खोट्या बातम्याही छापायला द्यायचे. माझ्या भाच्याला बातमीपत्राची हौस होती ती तिथूनच आलेली.

टपालानं बुद्धिबळ याआधीही खेळलं जात होतंच. लंडन आणि एडिंबरो या शहरांचा पत्रव्यवहारानं झालेला सामना १८२४ साली सुरू झाला. त्यानंतर थोड्याच वर्षांत आपल्याकडं मद्रास आणि हैदराबाद यांच्यात तसाच सामना झाला. मद्रासच्या डावाची सूत्रं गुलाम कासीम यांच्याकडं होती, आणि १८२९ साली मद्रासेत त्या डावांवर त्यांच्या टिपणांसह पुस्तकही निघालं. पण बुद्धिबळात पंचाची गरज फारशी पडत नाही. मी खेळी लिहून पाठवली, तुम्ही ती वाचली, मग तुमची खेळी. सगळं उघड्यावर. डिप्लोमसीत सातही जणांच्या खेळ्या एकाच क्षणी होतात. कुणाही एका खेळाडूच्या हाती दुसऱ्याचे हुकूम आधी पडले तर डाव संपला. म्हणून टपाल आलं आणि त्याबरोबर हा तिऱ्हाईत आला.

आता त्याचं काम कसं चालतं ते पाहू. मुदत माझ्या डावात रविवारी रात्री नऊची असायची. एकाच खेळाडूचे दोनदा हुकूम आले, तर मुदतीआधीचे शेवटचे धरायचे. हुकूमच आले नाहीत, तर त्याची सैन्यं जागच्या जागी उभी राहतात. कुणी विचारलं, “रशियाचे हुकूम आले का हो?”, तर त्यालाही उत्तर द्यायचं नाही, कारण एवढंही कळलं तर कुणीतरी आपला बेत बदलतो.

मग वाचन. हुकूम नीट लिहिलेला नसला तरी त्याचा एकच अर्थ निघत असेल तर तो मानायचा. दोन अर्थ निघत असतील तर तो बाद. हे सोपं वाटतं. पण पटावर लिव्हरपूल आहे आणि लिव्होनियाही आहे. नॉर्वे, नॉर्थ सी आणि नॉर्वेजियन सी तिन्ही शेजारी शेजारी आहेत. एखाद्यानं घाईत नुसतं ‘नॉर’ लिहिलं तर काय समजायचं? त्यात आणखी एक गंमत अशी की, काही खेळाडू मुद्दाम चुकीचा हुकूम लिहितात. मित्राला मदतीचं वचन दिलेलं असतं, ते मोडायचं असतं, पण वाईटपणा नको असतो. मग ‘अरेरे, लिहिताना चुकलं’ म्हणायला मोकळे. पंचाला हे लक्षात येतं. पण त्यानं मनातलं वाचायचं नाही, कागदावरचं तेवढं वाचायचं.

वाचन झालं की हिशेब. कोण कुणावर चालून जातो आहे, त्याला किती पाठिंबा आहे ते मोजायचं. पाठिंबा देणाऱ्यावरच कुणी हल्ला केला असेल, तर तो पाठिंबा तुटतो. दोन्हीकडची ताकद सारखी असेल तर कुणीच हलत नाही. जास्त असेल तर समोरचा हुसकावला जातो आणि त्याला माघार घ्यावी लागते. सगळं नियमात बसलेलं. पंचाच्या मर्जीला जागा कुठंच दिसत नाही.

अशा पंचाचा इतिहास कॅल्हॅमरच्या बराच आधीचा आहे. प्रशियात राइसवित्झ नावाच्या एका अधिकाऱ्यानं १८१२ साली राजासाठी युद्धखेळाचं एक सुरेख टेबल बनवलं होतं. त्याचा मुलगा तोफखान्यात लेफ्टनंट. त्यानं १८२४ साली वडिलांचा खेळ पुरता बदलून खऱ्या नकाशांवर आणला आणि त्याचे नियम छापले. त्यातली नवी गोष्ट म्हणजे पंच. दोन्ही बाजूंचे अधिकारी आपले हुकूम त्याच्याकडं लिहून द्यायचे. नकाशावर सैन्य सरकवायचा तो, आणि ज्याला जेवढं प्रत्यक्ष रणांगणावर दिसलं असतं तेवढंच त्याला दाखवायचा. एका तुकडीचा निरोप दुसरीकडं पोचायला घोडेस्वाराला जेवढा वेळ लागेल, तेवढा वेळ तो निरोप स्वतःजवळ ठेवायचा. प्रशियाचे सेनाप्रमुख म्युफ्लिंग यांना हा प्रकार इतका पटला की त्यांनी सगळ्या सैन्याला त्याची शिफारस केली.

या खेळात फासे होते, कोष्टकं होती, नियमांचं जाडजूड ओझं होतं. १८७६ साली व्हेर्दी द्यु व्हेर्नुआ या प्रशियन सेनानीनं ते ओझं उतरवलं. त्याचं म्हणणं असं, की लढाया पाहिलेला अनुभवी पंच असेल तर कोष्टकं कशाला? तो आपल्या समजुतीनं निकाल देईल. तेव्हापासून दोन पंथ पडले. एक म्हणतो, पंचाला नियमांनी बांधा. दुसरा म्हणतो, पंचाच्या शहाणपणावर सोडा. डिप्लोमसी पहिल्या पंथातली, अगदी कडक. म्हणून मी निश्चिंत होतो.

शहाणपणावर सोडल्यावर काय होऊ शकतं, याचा एक दाखला दुसऱ्या महायुद्धात सापडतो. मे १९४२च्या सुरुवातीला जपानी आरमारानं ‘यामातो’ या युद्धनौकेवर मिडवे मोहिमेचा सराव नकाशावर केला. त्या सरावाची हकिकत जपानी नौदल अधिकाऱ्यांनी पुढं आपल्या पुस्तकात लिहून ठेवली आहे. अमेरिकन विमानांनी जपानी विमानवाहू नौकांवर हल्ला केला, असा प्रसंग सरावात आला. पंचानं नियमाप्रमाणं फासे टाकले आणि निकाल दिला: नऊ बॉम्ब लागले, ‘आकागी’ आणि ‘कागा’ या दोन नौका बुडाल्या. सरावाचे प्रमुख होते रिअर अॅडमिरल उगाकी. त्यांनी नऊचे तीन केले. मग ‘कागा’ तेवढी बुडाली आणि ‘आकागी’ला किरकोळ इजा झाली. पुढं सरावाच्या दुसऱ्या भागात बुडालेली ‘कागा’ही पुन्हा पाण्यावर आली. महिनाभरानं, ४ जून १९४२ला, खऱ्या मिडवेच्या लढाईत जपाननं चार विमानवाहू नौका गमावल्या. त्यांत ‘आकागी’ आणि ‘कागा’ दोन्ही होत्या.

उगाकींनी निकाल बदलला म्हणून जपान हरलं असं मी म्हणणार नाही. लढाया इतक्या सोप्या कारणांनी हरल्या जात नाहीत. मला त्यातली दुसरी गोष्ट टोचते. त्या खोलीत बसलेल्या कुणालाही आपण खोटं वागतो आहोत असं वाटलं नसणार. आपल्या नौका आपल्या असतात. त्या बुडणं जरा जास्त वाटतं, एवढंच.

आता माझ्या रविवाराकडं येतो. आमच्या डावातला १९०३चा वसंत. भाचा फ्रान्स खेळत होता. त्याचं एक सैन्य ब्रेस्टमध्ये आणि आरमार इंग्लिश खाडीत. इंग्लंड एका मुलीकडं होतं. तिचं एक आरमार लंडनला, दुसरं वेल्सला. तिचा हुकूम: वेल्सच्या आरमारानं खाडीवर हल्ला करावा आणि लंडनच्या आरमारानं त्याला पाठिंबा द्यावा. भाच्याचा हुकूम: खाडीतल्या आरमारानं ब्रेस्टचं सैन्य वाहून न्यावं आणि त्या सैन्यानं लंडनवर हल्ला करावा.

मी कागदावर बाण काढले. फ्रान्सचं सैन्य लंडनवर आलं, म्हणजे लंडनच्या आरमाराचा पाठिंबा तुटला. पाठिंबा तुटला, म्हणजे वेल्सचं आरमार एकटं पडलं, खाडीतलं फ्रेंच आरमार जागेवर टिकलं. ते टिकलं, म्हणून सैन्य खरोखरच लंडनपर्यंत पोचलं, पण एकटं असल्यानं परतवलं गेलं. हिशेब पुरा. निकाल: कुणीच हललं नाही, कुणाचं काही गेलं नाही. मी बातमीपत्र लिहिलं, त्यात खाडीवरच्या धुक्याचं वर्णन केलं आणि झोपलो.

सकाळी इंग्लंडची मेल आली होती. एकच ओळ. “काका, लंडनचा पाठिंबा कसा तुटला ते समजावून सांगाल का?”

समजावून सांगायला मी पुन्हा बाण काढायला बसलो, आणि या खेपेला दुसऱ्या टोकाकडून सुरुवात केली. समजा लंडनचा पाठिंबा शाबूत आहे. मग वेल्सचा हल्ला दोघांच्या ताकदीचा, खाडीतलं फ्रेंच आरमार हुसकावलं गेलं. आरमारच नाही, तर सैन्य वाहून कोण नेणार? ते ब्रेस्टलाच राहिलं. ते लंडनला आलंच नाही, म्हणजे लंडनचा पाठिंबा तुटायचं कारण नाही. हाही हिशेब पुरा! जिथून सुरुवात करावी तिथंच परत येतो. दोन निकाल, दोन्ही आपापल्या जागी बिनतोड.

ही गाठ जगभरच्या पंचांना माहीत आहे. टपालाचा जमाना सरून ईमेल आली, तेव्हा १९८०च्या दशकाच्या अखेरीस वॉशिंग्टन विद्यापीठात केन लोव यानं ‘जज’ नावाचा प्रोग्रॅम लिहिला. खेळाडूंनी त्याला हुकूम मेल करायचे, तो निकाल पाठवायचा. यंत्राला ‘तारतम्य वापर’ असं सांगता येत नाही, त्यामुळं अशा गाठी एकेक करून सोडवाव्या लागल्या. सायमन सिकमन यानं अवघड गाठींसाठी एक नियम सुचवला, तो त्याच्या नावानं ओळखला जातो: असा पेच पडला तर समुद्रातून येणारं सैन्य जागेवरच राहिलं असं धरावं. लुकास क्रुइसवाइक यानं निवाडा करणाऱ्या प्रोग्रॅमांची परीक्षा घेण्यासाठी शंभरावर नमुने जमवून ठेवले आहेत. माझी गाठ मात्र त्यातली सगळ्यात साधी. तिचं उत्तर कॅल्हॅमरच्या खेळाच्या नियमपुस्तकातच आहे: जे सैन्य जहाजातून येतं आहे, ते आपल्याच जहाजावर होणाऱ्या हल्ल्याचा पाठिंबा तोडू शकत नाही. विचार केला तर सरळ आहे. जहाज गेलं तर सैन्य पोचणार कुठून?

म्हणजे इंग्लंडचं बरोबर होतं. भाच्याचं आरमार खाडीतून उठायला हवं होतं.

नियमपुस्तक माझ्या टेबलावरच होतं. ते पान मी वाचलं नव्हतं असंही नाही. रविवारी रात्री मी पाठिंबा तुटण्याचा सर्वसाधारण नियम उघडला, तो मला हवा तसा सापडला, आणि मी पुस्तक मिटलं. पुढचं पान उलटलं नाही. मी भाच्याला झुकतं माप द्यायचं ठरवलं नव्हतं. पण बाण काढताना पहिला बाण ब्रेस्टपासून काढला, वेल्सपासून नाही. तो हात तिकडं का गेला, ते मला माहीत आहे. त्या पोराला मी कडेवर खेळवलं आहे. आणि ‘कुणीच हललं नाही, म्हणजे कुणावर अन्याय नाही’ ही समजूत तर फारच सोयीची होती. आहे ते तसंच राहिलं की पंचाला तटस्थ वाटतं. पण आहे ते तसंच राहण्यात कुणाचा तरी फायदा असतो. त्या रात्री तो फ्रान्सचा होता.

मी सातही जणांना मेल लिहिली. निकाल चुकला, खरा निकाल हा, चूक कुठं झाली ती अशी, आणि फ्रान्स खेळणारा माझा भाचा आहे हे तुम्हाला ठाऊक असलं तरी मी पुन्हा सांगतो. दुसरा पंच नेमायचा असेल तर मी आनंदानं बाजूला होईन. फ्रान्सनं माघारीची जागा कळवावी.

दोन गोष्टी मात्र दुरुस्त झाल्या नाहीत. जर्मनी खेळणाऱ्या मुलानं सकाळी माझं बातमीपत्र वाचलं होतं. फ्रान्स अजून खाडीत भक्कम आहे असं समजून त्यानं इंग्लंडविरुद्धचा आपला सगळा बेत फ्रान्सला लिहून टाकला होता. माझी दुसरी मेल त्यानंतर पोचली. पटावरचं आरमार मागं घेता येतं, सांगून टाकलेली गोष्ट मागं घेता येत नाही. त्यानं तक्रार केली नाही. पण पुढचा सगळा डाव तो त्या एका सकाळीची किंमत मोजत खेळला.

दुसरी गोष्ट भाच्याची. त्याचा फोन आला. “मामू, दोन्ही उत्तरं बरोबर होती ना? मग माझ्या बाजूचं होतं ते चुकीचं कसं?” मी म्हटलं, “तुझ्या बाजूचं होतं म्हणून चुकीचं नाही रे. नियम होता आणि मी तो वाचला नाही म्हणून चुकीचं.” तो म्हणाला, “दुसऱ्या कुणाचं असतं तर तुम्ही वाचला असता?” आणि फोन ठेवला. त्याला बहुधा असं म्हणायचं होतं, की आता उलट दिशेनं मी त्याच्यावर अन्याय करतो आहे. पण प्रश्न त्यानं बरोबर विचारला होता. पंधरा दिवस आमचं बोलणं झालं नाही. हुकूम मात्र दर रविवारी वेळेवर यायचे.

त्या दिवसांत मला आपल्याकडची जुनी निवाड्याची पद्धत फार आठवली. शिवकाळात आणि पेशवाईत गावचा तंटा गोतसभेपुढं जायचा. निवाडा होण्याआधी दोन्ही पक्षांकडून एक कागद लिहून घेत, की सभा जो निर्णय देईल तो आम्हाला कबूल. त्या कागदाचं नाव राजीनामा. आज हा शब्द आपण पद सोडण्यासाठी वापरतो. तेव्हा तो राजी असण्याचा कागद होता. आणि निवाडा झाल्यावर हरणारा एक कागद लिहून द्यायचा, की माझा दावा खोटा ठरला. त्याला येजितखत म्हणत. कॉलेजात हे शब्द परीक्षेपुरते पाठ केले होते. वाटलं, या मुलांनी मला मेल पाठवून राजीनामा दिला होता, आणि येजितखत लिहायची पाळी पंचावर आली.

शब्दांचाच विषय निघाला तर आणखी एक. उर्दूत मध्यस्थाला सालिस म्हणतात. अरबीत त्याचा मूळ अर्थ तिसरा. इंग्रजीतला अंपायर हा शब्दही जुन्या फ्रेंचमधून आला आहे. मूळ अर्थ जोडीतला नसलेला, म्हणजे पुन्हा तिसराच. आपला पंच हा मात्र पाचांतला. या शब्दांना एक गोष्ट ठाऊक होती, की दोघांच्या भांडणात निवाडा करणारा त्या दोघांच्या बाहेरचा हवा. मी सातांच्या बाहेरचा आठवा होतो, पण त्यांतल्या एकाचा मामू होतो. हे काम घेण्याआधी मी हे मोठ्यानं बोलायला हवं होतं. मुलांनी कदाचित तरीही मलाच नेमलं असतं. पण मग बाण काढताना मी स्वतःवर लक्ष ठेवलं असतं.

त्यानंतरच्या प्रत्येक रविवारी मी एक पद्धत पाळली. आधी सगळ्यांचे हुकूम एका कागदावर देशांची नावं काढून उतरायचे. अमुक ठिकाणचं आरमार, तमुक ठिकाणचं सैन्य, एवढंच. मग दोनदा हिशेब करायचा, एकदा या टोकाकडून, एकदा त्या टोकाकडून. देशांची नावं काढली तरी ब्रेस्टचं सैन्य कुणाचं ते मला कळायचंच. पण हात जरा थांबायचा.

डाव पुढच्या वर्षी संपला. तिघांनी मिळून बरोबरी मान्य केली. त्या तिघांत इंग्लंड होतं, भाचा नव्हता. नोव्हेंबर २०२२ मध्ये बातमी आली, की ‘सिसेरो’ नावाचा संगणक प्रोग्रॅम डिप्लोमसी खेळायला, माणसांशी बोलणी करायलाही शिकला आहे आणि चांगल्या खेळाडूंच्या बरोबरीनं खेळतो. मी ती भाच्याला पाठवली. त्याचं उत्तर आलं, “आता खेळाडूही मशीन आणि पंचही मशीन. मामू, तुमची नोकरी गेली.”

गेली तर गेली. यंत्र वेल्स आणि ब्रेस्टमध्ये भेद करत नाही, ते बरंच आहे. मागच्या दिवाळीत भाचा मिरजेला आला होता. तो म्हणाला, आम्ही पुन्हा डाव मांडतो आहोत, पंच तुम्हीच. मी म्हटलं, “आणि तू खेळणार?” तो म्हणाला, “नाही. मी पाकिटं उघडायला तुमच्या शेजारी बसणार. एक टोक तुम्ही धरा, दुसरं मी धरतो.”